रत्नागिरींतील दोन घरें

कोंकणच्या प्रवासाचा विषय निघाला कीं आपल्या मंडळींच्या डोळ्यांपुढें किल्ले आणि देवळें उभीं राहतात. रत्नागिरीस गेलेला प्रवासीही प्रथम रत्नदुर्गावर चढतो, भगवतीचें दर्शन घेतो, तिन्ही बाजूंनीं पसरलेला समुद्र पाहतो आणि गांव पाहून झालें असें समजतो. आम्हीही पूर्वीं एकदां असेच परतलों होतों. या खेपेस मात्र किल्ला सकाळींच आटोपला आणि उरलेला दिवस गांवांतील दोन घरांसाठीं राखून ठेवला.

पहिलें घर टिळक आळींतील. कौलारू, साधें, कोंकणांत कोठेंही आढळावें असें. येथें २३ जुलै १८५६ रोजीं लोकमान्यांचा जन्म झाला. घराण्याचें मूळ गांव दापोली तालुक्यांतील चिखलगांव; वडील गंगाधरपंत शिक्षकाच्या नोकरीमुळें रत्नागिरीस राहिले आणि १८६६ सालीं बिऱ्हाड पुण्यास गेलें. या घराच्या वाट्यास लोकमान्यांचीं केवळ पहिलीं दहा वर्षें आलीं. पाहणाऱ्यास तेथें फारसा वेळ लागत नाहीं.

वेळ लागतो तो दुसऱ्या घरीं. ब्रह्मदेशचा अखेरचा राजा थिबा यास १८८५ सालीं इंग्रजांनीं मंडालेच्या सिंहासनावरून काढलें आणि मद्रासमार्गें पुढल्या वर्षीं रत्नागिरीस आणून ठेविलें. रत्नागिरीच कां, हा प्रश्न आज सहज सुचत नाहीं. परंतु त्या काळचा नकाशा आठवावा. पाठीशीं सह्याद्रि, समोर समुद्र, आगगाडीचें नांव नाहीं, आणि पावसाळा लागला कीं आगबोटीही बंद. ज्या निसर्गाचें कौतुक करावयास आम्ही जातों, तोच सरकारास तुरुंगाच्या भिंतीप्रमाणें उपयोगी पडला.

आरंभीं राजास बंगल्यांत ठेविलें होतें. वाडा पुरा व्हावयास १९१० साल उजाडलें. म्हणजे राज्य गेल्यावर पाव शतकानें राजास राजवाडा मिळाला, आणि तो उपभोगावयास अवघीं सहा वर्षें! तीन मजली, तांबडी इमारत, उतरतीं छपरें, कोरीव लांकडी कमानींच्या खिडक्या. खालीं भाट्याची खाडी आणि पलीकडे समुद्र. आज येथें वस्तुसंग्रहालय आहे. राजाच्या वापरांतील जिन्नस थोडेच; पण रिकामीं दालनें पाहतांना जें कळतें तें कपाटांतील वस्तूंवरून कळलें नसतें. एवढ्या ऐसपैस वाड्याच्या मालकास फाटकाबाहेर पडावयाचें तर परवानगी लागे, आणि तनखा पुरेना म्हणून जवळचीं रत्नें विकावीं लागत.

राजा खिडकींत बसून स्वदेशाकडे पाहत अश्रु ढाळी, असें येथें आवडीनें सांगतात. समुद्र पश्चिमेस आहे आणि ब्रह्मदेश पूर्वेस, ही अडचण कोणाच्या ध्यानांत आलेली दिसत नाहीं.

हीं दोन घरें एकाच दिवशीं पाहिलीं म्हणजे एक विलक्षण गोष्ट मनांत भरते. १९०८ सालीं राजद्रोहाच्या आरोपावरून टिळकांस सहा वर्षांची शिक्षा झाली आणि सरकारनें त्यांना कोठें नेलें, तर मंडालेस! मंडालेचा राजा रत्नागिरीस आणि रत्नागिरीचा पुत्र मंडालेस, असा हा उफराटा व्यवहार १९१४ पर्यंत चालू होता. ज्या १९१० सालीं थिबाचा वाडा पुरा झाला, त्याच सालच्या हिवाळ्यांत टिळकांनीं मंडालेच्या तुरुंगांत ‘गीतारहस्य’ लिहावयास घेतलें. १९१२ सालीं थिबाची धाकटी राणी रत्नागिरीस वारली. त्याच वर्षीं टिळकांच्या पत्नी सत्यभामाबाई पुण्यास निवर्तल्या आणि ती वार्ता त्यांना कोठडींत कळली.

दोघांस एका तागडींत घालण्याचा आमचा हेतु नाहीं. थिबाच्या राज्यारोहणापाठोपाठ १८७९ सालीं त्याच्याच भाऊबंदांची कत्तल झाली होती. तो कांहीं प्रजेसाठीं बंदींत पडला नव्हता. परंतु माणसाला त्याच्या मुलुखापासून तोडलें कीं त्याचें बळ आपोआप आटतें, हा सरकारचा हिशेब दोघांच्याही बाबतींत एकच होता. दिल्लीचा शेवटचा बादशहा बहादुरशहा याचा अंत १८६२ सालीं रंगूनला झाला, तोही याच हिशेबानें. टिळकांपुरता मात्र तो सपशेल चुकला.

संध्याकाळीं आम्ही राजाची समाधि शोधीत निघालों. वाड्याकडे बोट दाखविणारे पुष्कळ भेटतात, समाधीची वाट मात्र विचारीत जावें लागतें. सभोंवतीं वस्ती, मधोमध थोडी मोकळी जागा. थिबा १९१६ च्या डिसेंबरांत वारला, पण देह मायदेशीं नेऊं द्यावा असा राणी सुपयालत हिचा आग्रह असल्यामुळें शवपेटी दोन वर्षांहून अधिक काळ तशीच राहिली. अखेर १९१९ सालीं त्यास येथेंच पुरलें. त्याच वर्षीं कुटुंबास परत जाण्याची मुभा मिळाली, तीही रंगूनपर्यंत. राणी १९२५ सालीं तेथेंच निवर्तली.

थोरली राजकन्या मात्र रत्नागिरीस परतली. वाड्याच्या पहाऱ्यावरील एका मराठी माणसापासून तिला मुलगी झाली होती. आईबापांचा वाडा गांवांत उभा असतां ती मायलेकरें गरिबींत राहिलीं. १९४७ सालीं राजकन्या वारली. मुलगी येथल्याच आळींत मराठी बोलत वाढली, येथेंच तिचा संसार झाला, आणि आजोबांची भाषा तिला कधीं आली नाहीं.

२०१२ च्या डिसेंबरांत ब्रह्मदेशाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन या समाधीपाशीं येऊन गेले. त्याच वर्षीं मे महिन्यांत आपले पंतप्रधान मनमोहनसिंग रंगूनला बहादुरशहाच्या कबरीपाशीं उभे राहिले होते. आम्ही गेलों तेव्हां समाधीपाशीं कोणी नव्हतें. शेजारच्या अंगणांत आमसुलें वाळत घातलीं होतीं आणि एक बाई तीं गोळा करीत होती.