मोर्शी आणि वऱ्हाड : देवनागरीच्या स्वयंचलित चाचणी-संचांचा इतिहास

अमरावती जिल्ह्यातील मोर्शी या तालुक्याच्या गावाचे नाव संगणकावर लिहिले असता यंत्राच्या स्मृतीत सहा चिन्हे क्रमाने साठविली जातात : म, ओकाराची मात्रा, र, हलन्त, श आणि दीर्घ वेलांटी. अक्षर उमटताना मात्र र चा रफार होतो आणि तो श वर न बसता पुढील वेलांटीच्या माथ्यावर जातो. ज्या प्रदेशात हे गाव वसले आहे त्या 'वऱ्हाड'च्या नावातील अर्धा र असा वर चढत नाही. तो ओळीतच, लहानशा वक्र रेषेने ह ला जोडला जातो. 'दर्या' आणि 'दऱ्या' या शब्दांतील अर्थभेद केवळ या फरकावर अवलंबून आहे.

मुद्रणालयात ही काळजी खिळे जुळविणारा कारागीर आणि मुद्रितशोधक घेत असत. त्यांची चूक त्या पृष्ठापुरतीच राही. संगणकात अक्षरे जुळविणारी आज्ञावली एकच असते व एका नियमातील दुरुस्तीने पूर्वी बिनचूक उमटणारी जोडाक्षरे सर्वत्र बिघडू शकतात. प्रत्येक दुरुस्तीनंतर सहस्रावधी शब्द डोळ्यांनी तपासणे अशक्यच. म्हणून चाचण्या यंत्राकडे सोपविणे व त्या पुन:पुन्हा वापरता येतील अशा रचणे क्रमप्राप्त ठरले. केंट बेक यांनी १९९४ मध्ये स्मॉलटॉक भाषेसाठी मांडलेल्या पद्धतीत अनेक चाचण्यांचा एक संच होई आणि संचाच्या पोटात पुन्हा संच ठेवता येत. १९९७ मध्ये बेक आणि एरिक गामा यांनी ही कल्पना जावा भाषेत आणली व तेथून तिचा प्रसार झाला.

आज फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड व लिबरऑफिस यांत अक्षरजुळणीसाठी वापरल्या जाणाऱ्या 'हार्फबझ' या मुक्त आज्ञावलीत हीच रचना दिसते. तेथे शब्दांच्या याद्या लिपीनिहाय विभागलेल्या असून प्रत्येक विभागात आतील याद्यांची नोंद ठेवणारी एक सूची असते. त्यामुळे सर्व भारतीय लिपी एकदम अथवा केवळ देवनागरी तपासता येते. देवनागरी विभागातील काही याद्या पुण्यातील रेड हॅटच्या भाषा-अभियंत्यांशी संबंधित असलेल्या 'युनिकोड टेक्स्ट रेंडरिंग रेफरन्स सिस्टीम' या उपक्रमातून आल्या आहेत. पुनर्वापर होतो तो मुख्यत: या शब्दांचा. अपेक्षित उत्तर विशिष्ट फॉन्टशी बांधलेले असते. फॉन्ट बदलला की ते नव्याने ठरवावे लागते.

हे उत्तर ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा या इतिहासातील खरा प्रश्न होय. २०१२ च्या सुमारास हार्फबझचे प्रमुख कर्ते बेहदाद एस्फाहबोद यांनी विकिपीडियातून काढलेल्या सात लाखांहून अधिक देवनागरी शब्दांची जुळणी मायक्रोसॉफ्टच्या 'युनिस्क्राइब'शी ताडून पाहिली. दोहोंतील तफावत नगण्य उरली. पण 'बरोबर' याचा अर्थ येथे 'युनिस्क्राइबप्रमाणे' एवढाच होता. व्यवहार्य मार्ग म्हणून तो समर्थनीय असला, तरी मराठी लेखनाचा निकष म्हणून अपुरा आहे. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वळणाचे ल आणि श निश्चित केले. युनिकोडमध्ये हिंदी व मराठी श चा चिन्हांक एकच असल्याने, चाचणीसोबत भाषेचे नाव न दिल्यास 'मोर्शी'तील श हिंदी वळणाचा उमटूनही ती उत्तीर्ण होते.

वऱ्हाडच्या 'ऱ्ह'ची कथा याहून गुंतागुंतीची आहे. भारतीय मानक आयएस १३१९४ : १९९१ शी सुसंगत राहून युनिकोडने या अर्ध्या र साठी नुक्तायुक्त ऱ आणि हलन्त हा क्रम स्वीकारला. परंतु १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीशी मेळ राहावा म्हणून साधा र, हलन्त आणि अदृश्य सांधा-चिन्ह हा क्रमही ग्राह्य ठेवला. दोन्ही क्रम एकसारखेच उमटतात, म्हणून आकाराच्या चाचणीत दोन्ही उत्तीर्ण होतात. मात्र ते यंत्राच्या लेखी भिन्न शब्द आहेत. युनिकोडच्या समरूपीकरणाच्या नियमांनीही ते एक होत नाहीत. नावांच्या नोंदवहीत एका क्रमाने लिहिलेले 'वऱ्हाडे' हे आडनाव दुसऱ्या क्रमाने शोधले, तर ते केवळ चिन्हांक ताडणाऱ्या शोधप्रणालीला सापडत नाही, आणि नोंदच नाही असे उत्तर मिळते. त्यासाठी आकाराच्या नव्हे, शोधाच्या चाचण्यांचा वेगळा संच लागतो. शब्दांची यादी मात्र तीच चालते.