दूध कोठें नासलें?

वाईचे घाट मागें टाकून कृष्णा खालीं वाहूं लागली, कीं कांहीं कोसांवर तिच्या कांठीं लिंब हें गांव लागतें. शाहू महाराजांच्या काळांत वीरूबाई भोसले यांनीं बांधविलेल्या बारा मोटांच्या विहिरीमुळें हें गांव इतिहासाच्या अभ्यासकांस परिचित आहे. परंतु आणखी एका कारणासाठीं लिंबचें नांव लक्षांत ठेवण्याजोगें आहे. महाराष्ट्रांत दुधाच्या धंद्यामुळें ज्यांचें नांव पुढें घरोघर झालें, त्या चितळे घराण्याचें हें गांव होय. या घराण्यांतील भास्कर गणेश ऊर्फ बाबासाहेब चितळे यांनीं १९३९ सालीं त्याच कृष्णेच्या कांठीं, पण पुष्कळ खालच्या अंगास, भिलवडी येथें दुधाचा व्यवसाय मांडला. नदी तीच राहिली, गांव मात्र बदललें. हें स्थलांतर, आणि पुढें एका पित्याच्या नित्याच्या वैतागांतून उभें राहिलेलें एक दुकान, हा महाराष्ट्राच्या आर्थिक इतिहासांतील एक लहानसा परंतु बोधप्रद प्रसंग आहे.

हा प्रसंग नीट समजण्यास दुधाचा स्वभाव आधीं समजला पाहिजे. या भागांतील शेतकरी हळद पिकवितो, गूळ करितो, ज्वारी साठवितो. बाजारांतला भाव पटला नाहीं, तर तो माल परत घरीं नेऊं शकतो. सांगलीजवळ हरिपूर येथें जमिनींत खोदलेल्या पेवांत हळद वर्षानुवर्षें टिकत असे, आणि चांगल्या भावाची वाट पाहाणें धन्यास शक्य होई. दुधासाठीं असें पेंव कोणीं खोदलेलें नाहीं. धार काढली त्या वेळीं दूध जनावराच्या अंगाइतकें ऊन असतें, आणि त्या उबेंत सूक्ष्म जंतूंची संख्या अर्ध्याअर्ध्या तासास दुप्पट होऊं शकते. हे जंतु दुधांतील साखरेचें आम्ल बनवितात. आम्ल एका मर्यादेपलीकडे गेलें, कीं दूध फाटतें. ज्या मालाचें आयुष्य तासांनीं मोजावयाचें, त्याच्या धन्याला घासाघीस करण्यास सवड मिळत नाहीं.

त्यांतून दुधाची आवक वर्षभर सारखी नसते. म्हशी बहुधा पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून हिवाळ्यापर्यंत वितात. त्यामुळें थंडींत दूध उदंड आणि उन्हाळ्यांत टंचाई, असें चक्र चालतें. उदंड दुधाच्या दिवसांत खेड्यांतील प्रत्येक घरीं दूध असे, आणि तेथें विकत घेणारा कोणी नसे. मग घरच्या बायकांनीं विरजण लावावें, ताक घुसळावें, लोणी कढवावें आणि तूप तेवढें बाजारास धाडावें, हा परिपाठ होता. गरज होती ती शहरांना, आणि शहर दूर होतें.

शहर जवळ आणण्याचें काम आगगाडीनें केलें. परंतु ती सर्वांच्या दारावरून गेली नाहीं. पुण्याहून मिरजेकडे जाणारा लोहमार्ग वाईस बाजूला ठेवून वाठारवरून गेला. वाईच्या माणसास गाडी गांठावयाची, तर आधीं वाठारपर्यंत रस्ता तुडवावा लागे. लिंबची स्थिति फारशी निराळी नव्हती. प्रवाशास ही अडचण सोसतां येते. दुधास सोसत नाहीं. भिलवडीला मात्र कृष्णेचें पाणी होतें, गुरांना चारा होता आणि गांवाच्या नांवाचें स्टेशनही होतें. याच लोहमार्गाच्या आश्रयानें १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसली होती आणि १९१६ सालीं ओगल्यांचा कांचेचा कारखाना निघाला होता. नांगर आणि कंदील जेथून देशभर जाऊं लागले, तेथून दूधही जाऊं शकेल, ही कल्पना त्या परिसरांत वेडगळ वाटण्याचें कारण नव्हतें. तरी नांगर एक दिवस उशिरा पोंचला तरी नांगरच राहातो, हा भेद उरतच होता.

मुंबई त्या काळीं दुधासाठीं आसुसलेली होती. शहराच्या भर वस्तींत म्हशींचे तबेले होते, तेथील दूध महाग पडे, आणि त्यांत पाणी किती, हा गृहिणींच्या रोजच्या वादाचा विषय असे. बाहेरून दूध आणण्याची सरकारी योजना १९४५ सालीं सुरू झाली, आणि तबेले शहराबाहेर नेण्यासाठीं आरे येथील वसाहत १९४९ सालीं उभी राहिली. त्यापूर्वीं खेड्यांतल्या उत्पादकाला मुंबईचें दार एकाच मार्गानें उघडे. तो मार्ग म्हणजे तेथील व्यापारी. उत्पादक माल गाडींत चढवी आणि पुढचें सर्व त्याच्या हातचें जाई. दक्षिणेकडून येणारे रूळ अरुंद मापाचे होते, ते पुण्यास संपत. तेथें माल उतरवून मुंबईच्या रुंद मापाच्या गाडींत पुन्हा चढवावा लागे. एवढ्या हातांतून गेलेलें दूध शेवटीं कोणत्या अवस्थेंत पोंचलें, हें व्यापाऱ्याच्या पत्रावरूनच कळावयाचें.

चितळे घराण्याची जी हकीकत सांगितली जाते, ती येथेंच सुरू होते. मुंबईच्या ज्या व्यापाऱ्याकडे भिलवडीचा माल जात असे, त्याच्याकडून माल नासल्याच्या तक्रारी येऊं लागल्या. माल नासला म्हणजे पैसे कापले जावयाचे. अशा तक्रारीपुढें उत्पादक किती असहाय असतो, याचा विचार करून पाहावा. धान्य कमी भरलें, तर पोतें पुन्हा तोलतां येतें. नासलेलें दूध पुरावा म्हणून परत मागवितां येत नाहीं. दोष तीन ठिकाणीं असूं शकत होता. घरींच भांडीं स्वच्छ नसतील, गाडींत उशीर होत असेल, अथवा पत्रच खोटें असेल. पहिला दोष मानावा, तर आपल्याच माणसांवर अविश्वास. दुसरा मानावा, तर इलाज नाहीं. आणि तिसरा मानावा, तर हातचें गिऱ्हाईक तुटण्याची भीति. बहुतेक माणसें अशा वेळीं कपाळास हात लावतात आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हा दूध धाडतात.

बाबासाहेबांनीं थोरल्या मुलास, रघुनाथरावांस, मुंबईस पाठविलें. भाऊसाहेब या नांवानें पुढें ओळखल्या जाणाऱ्या या तरुणाचें काम दिसण्यास साधें होतें: दूध कोठें नासतें, तें डोळ्यांनीं पाहून यावयाचें. परंतु कर्त्या मुलास घराबाहेर, परक्या शहरांत धाडणें ही चालत्या धंद्यांत लहान गोष्ट नव्हे. घरचे दोन हात कमी होतात, शहरांतला खर्च वाढतो, आणि चौकशींतून कांहीं निष्पन्न झालें नाहीं, तर व्यापारीही दुखावला जातो. रघुनाथरावांस दिसून आलें तें हें, कीं दोष दुधांत नव्हता, व्यवहारांत होता. तक्रार माल नासल्याची होती, आणि नासला होता तो विश्वास.

यानंतर एखादा दुसरा व्यापारी शोधणें हा सोपा उपाय होता. चितळ्यांनीं मधला माणूसच वगळला. दूध ज्या टोकाला विकलें जातें, तेथेंही घरचाच माणूस बसेल, असें ठरलें आणि मुलगा स्वतः विक्रींत उतरला. पुढें या विक्रीसाठीं पुणें निवडलें गेलें. ती निवड किती सोयीची होती, तें नकाशा पाहिल्यास ध्यानांत येतें. भिलवडीहून सुटलेली गाडी पुण्यापर्यंत सरळ येई, रुळांचें माप बदलण्यापूर्वींच माल उतरे, आणि मुंबईपर्यंतचे पुढचे तास वांचत. दुधाच्या बाबतींत वांचलेले तास म्हणजेच वांचलेला पैसा. रघुनाथराव आणि त्यांचे बंधु नरसिंह ऊर्फ राजाभाऊ यांनीं १९५० सालीं पुण्यांत ‘चितळे बंधु मिठाईवाले’ हें दुकान काढलें. परशुराम ऊर्फ नानासाहेब आणि दत्तात्रेय ऊर्फ काकासाहेब हे दोघे बंधु भिलवडीस दुधाची बाजू सांभाळूं लागले. लोहमार्गाच्या एका टोकाला दोन भाऊ आणि दुसऱ्या टोकाला दोन, अशी ही मांडणी होती. दूध आंबट निघालें, तर पुण्याहून जाणारी तक्रार सख्ख्या भावाची असे. ती खोटी मानण्याचें कारण नव्हतें, आणि तिच्याकडे दुर्लक्ष करण्याची सोयही नव्हती.

दुकान मिठाईचें निघालें, याचेंही मूळ दुधाच्या स्वभावांतच आहे. उरलेलें दूध दुसऱ्या दिवशीं विकतां येत नाहीं. पण तेंच आटविलें, कीं त्याला आयुष्य लाभतें. म्हशीच्या सुमारें पांच शेर दुधाचा एक शेर खवा होतो, आणि त्याचा पेढा कांहीं दिवस टिकतो. विरजून, टांगून, साखर घालून केलेलें श्रीखंडही दुधाहून अधिक धीर धरतें. ज्या युक्तीनें खेड्यांतली गृहिणी उदंड दुधाचें तूप करून ठेवीत असे, तीच युक्ति येथें मोठ्या प्रमाणावर चालली. पुढें सत्तरीच्या दशकांत या दुकानाची बाकरवडी प्रसिद्ध झाली, आणि जिच्यांत दुधाचा थेंबही नाहीं, अशा तिखटगोड जिनसेनें दुधाच्या दुकानाचें नांव सातासमुद्रापार नेलें. दुपारीं एक ते चार दुकान बंद ठेवण्याच्या रीतीवर पुणेकरांनीं अनेक वर्षें विनोद केले. परंतु दूधवाल्याचा दिवस इतरांच्या मध्यरात्रीं सुरू होतो, हें ध्यानीं घेतलें म्हणजे त्या विश्रांतीचें नवल वाटत नाहीं.

या कथेशेजारीं त्याच काळची दुसरी एक कथा ठेवून पाहाण्यासारखी आहे. गुजराथेंतील खेडा जिल्ह्यांतील शेतकऱ्यांचेंही गाऱ्हाणें हेंच होतें. त्यांचें दूध आणंदहून मुंबईस जाई, आणि भाव ठरविणें मधल्या मक्तेदाराच्या हातीं होतें. सरदार पटेलांच्या सल्ल्यानें आणि त्रिभुवनदास पटेलांच्या पुढाकारानें त्यांनीं दूध देणें थांबविलें, आणि १४ डिसेंबर १९४६ रोजीं त्यांच्या सहकारी संघाची नोंदणी झाली. खेड्याच्या शेतकऱ्यांनीं जें काम गांवोगांवच्या सभासदांकडून करविलें, तें भिलवडीच्या पित्यानें चार मुलांकडून करविलें. दोन्हीं ठिकाणीं इलाज एकच होता: दूध काढणाऱ्याचा माणूस दूध विकण्याच्या जागीं बसला पाहिजे.

यांत भिलवडीच्या मार्गाची मर्यादाही दिसून येते. प्रत्येक शेतकऱ्याला चार कर्ते मुलगे नसतात, आणि असले तरी ते आयुष्यभर एका हिशोबांत नांदतीलच असें नाहीं. ज्याच्या घरीं दोनच म्हशी आहेत, त्याला सहकाराचाच आधार. म्हणून चितळ्यांचें उदाहरण सर्वांनीं गिरवावें असा नियम सांगतां येणार नाहीं. त्यांतून घेण्यासारखें आहे तें निराळें. दूध नासल्याची तक्रार त्या काळीं शेंकडों उत्पादकांकडे येत असेल; ती नशिबाच्या खातीं टाकून बहुतेकांनीं सोडून दिली असेल. एका बापानें ती प्रश्न म्हणून घेतली आणि उत्तर आणण्यासाठीं मुलाला गाडींत बसवून दिलें. त्याच गाडीनें आजवर दूध जात होतें. त्या दिवसापासून दुधामागोमाग दुधाचा धनीही जाऊं लागला.