शरीरदुर्गंध

शरीरदुर्गंध म्हणजे त्वचेतून, घामातून किंवा श्वासातून येणारा आणि स्वतःला अथवा इतरांना अप्रिय वाटणारा वास. वैद्यकशास्त्रात घामाच्या दुर्गंधाला 'ब्रोमहायड्रोसिस' म्हणतात. मराठीत या वासाच्या छटांसाठी घामट, आंबूस, खवट, कुबट, वशाट, उग्र दर्प असे अनेक शब्द आहेत आणि रोगनिदानात या छटांचा काही प्रमाणात उपयोगही होतो. रोज स्नान व स्वच्छ कपडे असूनही जो वास जात नाही, त्याचा विचार या लेखात प्रामुख्याने केला आहे. अशा वासाचे कारण बहुतेक वेळा अस्वच्छता नसते, परंतु समाज मात्र तेच गृहीत धरतो आणि रुग्णाचा खरा त्रास तेथून सुरू होतो.

वासाची उत्पत्ती

ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. मानवी त्वचेवर सुमारे २० ते ४० लाख एक्राइन घर्मग्रंथी असतात. त्यांतून पाणी व क्षार बाहेर पडतात आणि शरीर थंड राहते. अपोक्राइन ग्रंथी याहून वेगळ्या असून त्या मुख्यतः काख, जांघा व स्तनाग्रांभोवती आढळतात. त्यांचा दाट, स्निग्ध स्राव यौवनारंभी सुरू होतो, म्हणूनच लहान मुलाला कितीही घाम आला तरी मोठ्या माणसासारखा वास येत नाही. आठ वर्षांखालील मुलाच्या काखेला प्रौढासारखा वास येऊ लागल्यास अकाली यौवनाची शक्यता तपासून घ्यावी लागते.

अपोक्राइन स्रावातील गंधहीन रेणू त्वचेवरचे जिवाणू तोडतात आणि त्यातून वास निर्माण होतो. कॉरिनेबॅक्टेरियम गटातील जिवाणूंमुळे बकऱ्यासारखा दर्प असलेली मेदाम्ले तयार होतात. स्टॅफिलोकॉकस होमिनिस या जिवाणूमुळे कांद्यासारखा वास असलेली गंधकयुक्त संयुगे तयार होतात. त्यासाठी लागणाऱ्या विकराची रचना यॉर्क विद्यापीठातील संशोधकांनी २०२० साली उलगडली. पायांचा आंबूस, जुन्या चीजसारखा वास आयसोव्हॅलेरिक आम्लाचा असतो.

आनुवंशिकतेचा वाटाही मोठा आहे. एबीसीसी-११ या जनुकाच्या एका प्रकारामुळे अपोक्राइन स्रावात वासाचे कच्चे द्रव्यच फारसे उतरत नाही. ज्यांच्यात या प्रकाराच्या दोन्ही प्रती असतात, त्यांच्या कानातील मळ कोरडा व भुसभुशीत असतो. मळाचा हा जनुकीय संबंध २००६ साली प्रसिद्ध झाला. चीन, कोरिया व जपान येथील बहुसंख्य लोकांत हा प्रकार आढळतो. दक्षिण आशियात त्याचे प्रमाण बरेच कमी आहे. त्यामुळे एकाच वर्गात बसणाऱ्या, सारख्याच साबणाने अंघोळ करणाऱ्या दोन मुलांच्या वासात फरक पडणे अगदी स्वाभाविक आहे.

स्नानानंतरही वास का टिकतो

याचे सर्वांत सामान्य आणि सर्वांत दुर्लक्षित कारण कपडे हे आहे. पॉलिस्टर घामातील तेलकट अंश धरून ठेवते आणि त्यावर मायक्रोकॉकस गटातील जिवाणू चांगले वाढतात. सुती कापडावर ते तितके वाढत नाहीत, असे बेल्जियममधील गेंट विद्यापीठाच्या २०१४ च्या अभ्यासात दिसून आले. असा सदरा धुतल्यावर वास गेल्यासारखा वाटतो आणि अंगातील उबेने तासाभरात परत येतो. शाळांचे व अनेक आस्थापनांचे गणवेश कृत्रिम धाग्याचे असतात, ही बाब येथे लक्षात घेण्याजोगी आहे.

दुसरे कारण ओलावा. घाईने अंग पुसून ओल्या काखेवर कपडा चढवला, तर जिवाणूंना हवे ते वातावरण आयतेच मिळते. काखेतील दाट केसांवर स्राव टिकून राहतो, त्यामुळे केस कमी केल्यास साबण त्वचेपर्यंत पोहोचतो. आहाराचा परिणाम तात्पुरता असतो. लसणातील गंधकयुक्त संयुगे रक्तात मिसळून श्वास व घामावाटे अनेक तास बाहेर पडत राहतात, म्हणून दात घासूनही तो वास जात नाही. मेथीमुळे घामाला व लघवीला गोडसर वास येतो. तो निरुपद्रवी आहे.

काही वेळा मूळ कारण त्वचेचा किरकोळ जंतुसंसर्ग असते. काखेत वा जांघेत तांबूस-तपकिरी चट्टे पडणारा एरिथ्रास्मा हा आजार अनेकदा नायटा समजून त्याच्या मलमाने दाबला जातो. वुड्स दिव्याखाली तो पोवळ्यासारखा लाल चमकतो आणि निदान क्षणात होते. तळपायाला बारीक खड्डे पडून तीव्र दुर्गंध येणारा पिटेड केराटोलायसिस हा रोग दिवसभर रबरी वा बंद पादत्राणे घालणाऱ्यांत आणि ओल्या रानात काम करणाऱ्यांत दिसतो. काखेतील केसांवर पिवळसर चिकट आवरण चढणे हाही जिवाणूंचाच प्रकार होय. या तिन्ही तक्रारी योग्य प्रतिजैविक मलमाने बऱ्या होतात. वारंवार गळवे येऊन पू वाहणारा हायड्राडेनायटिस सपुराटिव्हा मात्र दीर्घकालीन आजार असून त्याला तज्ज्ञाचे उपचार लागतात.

अंतर्गत रोगांचे वासही ओळखता येतात. मधुमेहातील कीटोआम्लतेत श्वासाला पिकलेल्या फळासारखा, मूत्रपिंड निकामी झाल्यास लघवीसारखा वास येतो. असा वास अचानक सुरू झाला आणि सोबत उलट्या, गुंगी वा धाप असेल, तर ती तातडीची अवस्था समजावी.

मत्स्यगंध संलक्षण

ट्रायमिथाइलअमिनुरिया या विरळ विकारात घाम, श्वास व लघवीला कुजलेल्या माशासारखा वास येतो. आहारातील कोलिन या पोषकद्रव्यापासून आतड्यातील जिवाणू ट्रायमिथाइलअमीन हा वायू तयार करतात. यकृतातील एफएमओ-३ हे विकर त्याचे गंधहीन पदार्थात रूपांतर करते. या विकराचे जनुक आई व वडील दोघांकडूनही सदोष आल्यास ते काम होत नाही आणि वायू शरीराबाहेर पडत राहतो. पहिला वैद्यकीय वृत्तांत १९७० साली प्रसिद्ध झाला. स्त्रियांमध्ये मासिक पाळीच्या सुमारास हा वास वाढतो. अंघोळीने तो तेवढ्यापुरता कमी होतो, कारण उगम त्वचेवर नसून रक्तात आहे.

महाभारतातील सत्यवती ही मत्स्यगंधा म्हणून प्रसिद्ध आहे. माशाच्या पोटी जन्मलेली व दाशराजाने वाढवलेली ही कन्या पराशर ऋषींच्या वराने योजनगंधा झाली आणि पुढे शंतनूची राणी झाली. या विकारावरील लेखनात तिचा उल्लेख नेहमी येतो, परंतु कथेवरून रोगनिदान करणे धाडसाचे ठरेल. कथेतून एवढे मात्र दिसते की, अंगाचा वास हा स्त्रीच्या विवाहाशी व प्रतिष्ठेशी जोडण्याची रीत फार जुनी आहे.

निदान लघवीच्या तपासणीने होते. नमुना गोठवून विशेष प्रयोगशाळेत पाठवावा लागतो, कारण हा वायू लवकर उडून जातो. उपचार मुख्यतः आहाराचे आहेत. अंडी, कलेजी, सोयाबीन, शेंगदाणे व काही कडधान्ये यांत कोलिन भरपूर असते. समुद्री माशांत या वायूचे पूर्वद्रव्य आयते असते, गोड्या पाण्यातील माशांत ते अत्यल्प असते. कोबीवर्गीय भाज्या विकराचे काम मंदावतात. लातूर-नांदेड भागात सोयाबीन प्रामुख्याने विक्रीसाठी पिकते, पण शेंगदाण्याची चटणी व कूट हा रोजच्या जेवणाचा भाग आहे, तेव्हा तेथील रुग्णाचे पथ्य माशांपेक्षा शेंगदाण्यापासून सुरू होईल. पथ्य आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच करावे. कोलिन शरीराला आवश्यक असल्याने गरोदर व स्तनदा मातांनी ते स्वतःहून वर्ज्य करणे अपायकारक आहे. किंचित आम्लधर्मी साबण (सामू ५.५ ते ६.५) त्वचेवरील वायूचे गंधहीन क्षारात रूपांतर करतो. रिबोफ्लेविन, सक्रिय कोळसा व प्रतिजैविकांचे अल्पकालीन कोर्स यांचाही वापर केला जातो.

वास नसताना वासाची खात्री

काही व्यक्तींना आपल्या अंगाला दुर्गंध येतो याची ठाम खात्री असते, पण इतरांना तो येत नाही. शेजारच्याने नाक पुसले, खिडकी उघडली, कोणी खोकले, की त्या त्याचा संबंध स्वतःशी लावतात. दिवसातून अनेकदा स्नान करणे, अत्तराचा मारा करणे, शाळा वा नोकरी सोडणे असे परिणाम होतात. या अवस्थेला 'घ्राणसंदर्भ विकार' म्हणता येईल. त्याचे पद्धतशीर वर्णन १९७१ साली झाले आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत त्याला स्वतंत्र स्थान मिळाले. तो 'वेडेपणा' नव्हे. औषधे व बोधनिक वर्तनोपचार यांनी तो आटोक्यात येतो. या विकारात नैराश्य व आत्महत्येचे विचार आढळतात, म्हणून तो हसण्यावारी नेऊ नये. टेली-मानस ही केंद्र शासनाची निःशुल्क मानसिक आरोग्य सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

खरा वास व भास यांतील भेद स्वतःला करता येत नाही, कारण नाक सततच्या वासाला सरावते. ज्याला वास येतो त्याला तो बहुधा जाणवत नाही, आणि ज्याला अतिशय जाणवतो त्याला तो अनेकदा नसतो. दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी विश्वासातील एका व्यक्तीला स्पष्ट विचारणे हा जुना उपाय अजूनही सर्वांत उपयोगी आहे. डॉक्टरही नातेवाइकाची साक्ष महत्त्वाची मानतात.

उपचार

दुर्गंधनाशक आणि घर्मरोधक यांत लोकांची गल्लत होते. पहिले वास झाकते वा जिवाणू कमी करते, दुसरे घामाचे प्रमाण घटवते. अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडयुक्त घर्मरोधक रात्री झोपताना पूर्ण कोरड्या काखेला लावून सकाळी धुवावे, कारण रात्री घाम कमी असल्याने ते घर्मनलिकांच्या तोंडाशी बसते. सकाळी अंघोळीनंतर घाईत लावल्यास परिणाम कमी व आग जास्त होते. केस काढल्यावर लगेच ते लावू नये. गुण आल्यावर आठवड्यातून एक-दोनदा पुरते. त्यामुळे कर्करोग होतो असे सिद्ध झालेले नाही.

बेन्झॉइल पेरॉक्साइडचे धुण्याचे द्रावण जिवाणू कमी करते, मात्र त्याने रंगीत कपड्यांवर पांढरे डाग पडतात. अतिघाम असल्यास ग्लायकोपायरोनियमसारखी औषधे किंवा काही महिने टिकणारी बोटुलिनम इंजेक्शने दिली जातात. शस्त्रक्रिया हा शेवटचा पर्याय होय. तिच्यानंतर पाठीला व पोटाला भरपाईचा घाम येण्याची शक्यता असते. न्हाव्याकडे असणारी तुरटी स्वस्त असून तिचा सौम्य जंतुरोधक उपयोग होतो. लिंबू व खाण्याचा सोडा काखेला चोळल्यास अनेकांची त्वचा भाजते. दिवाळीच्या उटण्यातील नागरमोथा, वाळा, कपूरकाचरी सुगंध देतात. चिवट वासावर ते औषध नव्हे.

लातूर येथील विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आणि नांदेड येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ही उदगीर परिसरातील रुग्णांना जवळची शासकीय वैद्यकीय महाविद्यालये होत. तक्रार सांगताना वास कधीपासून, कोठून व कशाने वाढतो याची नोंद सोबत असावी, आणि त्या दिवशी अत्तर लावून जाऊ नये.

मराठवाड्यातील पाणी व ऊन

उदगीर हे लातूर जिल्ह्यातील, कर्नाटकच्या सीमेजवळचे तालुक्याचे ठिकाण आहे. या भागात उन्हाळ्यात पारा ४० अंशांपुढे जातो आणि नेमके तेव्हाच पाणी आटते. ११ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाणी घेऊन निघालेली 'जलदूत' रेल्वे दुसऱ्या दिवशी लातूरला पोहोचली, तेव्हा तिच्या १० वाघिणींत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. ज्या घरात पिण्याचे पाणी मोजून वापरावे लागते, तेथे 'दिवसातून दोनदा अंघोळ करा' हा पुस्तकी सल्ला निरर्थक ठरतो.

वासाच्या दृष्टीने सर्व अंग सारखे महत्त्वाचे नाही. तांब्या-दोन तांब्यांत काख, जांघा व पाय साबणाने धुऊन पूर्ण कोरडे केले, तर पूर्ण अंघोळीचा बराचसा हेतू साधतो. बोअरचे जड पाणी साबणाला फेस येऊ देत नाही आणि त्याचा साका कापडात बसतो. अशा वेळी कपड्यांसाठी साबणाच्या वडीपेक्षा डिटर्जंट पावडर बरी. अंगात घालायचे कपडे उलटे करून कडक उन्हात वाळवणे हा येथील हवामानाने दिलेला फुकटचा उपाय आहे. पावसाळ्यात खोलीत दोरीवर वाळलेले कपडे मात्र धुतलेले असूनही कुबट राहतात.

सामाजिक बाजू

वासावरून माणसाची पारख करताना जात, श्रम व दारिद्र्य यांविषयीचे पूर्वग्रह मिसळतात. वीटभट्टीवर, उसाच्या फडात वा सफाईकामात घाम गाळणाऱ्याच्या वासाला 'घाण' म्हटले जाते, व्यायामशाळेतील घामाला तसे म्हटले जात नाही. बारावी व प्रवेशपरीक्षांच्या तयारीसाठी लातूरला येणारी खेड्यापाड्यांतील मुले लहान खोल्यांत तिघे-चौघे राहतात, दाटीवाटीच्या वर्गांत तासन्‌तास बसतात. तेथे एखाद्याला पडलेले टोपणनाव त्याला अभ्यासक्रम संपेपर्यंत सोडत नाही. मुलींच्या बाबतीत हीच गोष्ट लग्न ठरण्याच्या बोलण्यापर्यंत जाते आणि त्यामुळे घरातच दडवली जाते. परिणामी सहज बरा होणारा संसर्गही वर्षानुवर्षे उपचाराविना राहतो.

शिक्षकाला वा सहकाऱ्याला याविषयी बोलणे भाग पडल्यास ते एकांतात, एकदाच आणि सरळ शब्दांत बोलावे. बाकावर साबणाची वडी ठेवणे, सर्वांसमोर अत्तर फवारणे किंवा वर्गात स्वच्छतेवर नाव न घेता व्याख्यान देणे यांचा अर्थ संबंधितास अचूक कळतो, मात्र उपायाची माहिती त्यातून मिळत नाही. घरच्यांनी अंघोळीविषयी टोकण्यापेक्षा एकदा त्वचारोगतज्ज्ञाकडे सोबत जावे.

हेसुद्धा पहा

घर्मग्रंथी
अतिघाम
चयापचयाचे आनुवंशिक विकार
सत्यवती
उदगीर