एक्सडीपी मेटाडेटा

एक्सडीपी मेटाडेटा ही लिनक्स कर्नलातील एक सोय आहे. नेटवर्क कार्डाने एखाद्या पॅकेटाविषयी आधीच शोधून ठेवलेली माहिती, त्या पॅकेटावर प्रक्रिया करणाऱ्या छोट्या प्रोग्रामांना या सोयीमुळे थेट वाचता येते. पॅकेट नेमके केव्हा आले, ते कोणत्या प्रवाहातील आहे, त्यावर कोणत्या आभासी जाळ्याची खूण होती, अशा गोष्टींचा या माहितीत समावेश होतो. एप्रिल २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लिनक्स ६.३ या आवृत्तीत ही सोय प्रथम उपलब्ध झाली.

मेटाडेटा म्हणजे पॅकेटातील मजकूर नव्हे. टपालाने आलेल्या पाकिटावरचा पत्ता पाठवणाऱ्याने लिहिलेला असतो, परंतु पाकीट पोहोचल्याच्या दिनांकाचा शिक्का टपाल कचेरीचा असतो. कार्डाने दिलेला मेटाडेटा हा या शिक्क्याच्या जातीचा आहे. तो पाठवणाऱ्याकडून येत नाही व पॅकेट कितीही बारकाईने वाचले तरी त्यात सापडेलच असे नाही.

पार्श्वभूमी

जाळ्यावरून आलेले पॅकेट लिनक्समध्ये सामान्यतः ‘एसके-बफ’ नावाच्या रचनेत गुंडाळले जाते. ही रचना दोनशेहून अधिक बाइटांची असून तिच्यात मेटाडेटासाठी स्वतंत्र रकाने आहेत. कार्डाचा ड्रायव्हर हे रकाने भरतो आणि पुढील सर्व टप्पे ते वाचतात. व्यवस्था चोख आहे. पण प्रत्येक पॅकेटासाठी अशी रचना तयार करणे, भरणे आणि मोडणे यांत वेळ जातो.

हा वेळ किती मोलाचा आहे, हे साध्या हिशेबाने कळते. सेकंदाला १० गिगाबिट वाहून नेणाऱ्या तारेवर सर्वांत लहान, म्हणजे ६४ बाइटांची पॅकेटे सलग येऊ लागली, तर दोन पॅकेटांमधील सक्तीची मोकळी जागा धरूनही सेकंदाला सुमारे १ कोटी ४९ लाख पॅकेटे येतात. एका पॅकेटाच्या वाट्याला ६७.२ नॅनोसेकंद येतात. ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरसाठी हे जेमतेम २०० ठोके झाले. तार १०० गिगाबिटांची असेल तर हाच अवधी ६.७ नॅनोसेकंदांवर येतो. मुख्य स्मृतीतून एखादा शब्द आणायलाही याहून कितीतरी अधिक वेळ लागू शकतो.

या अडचणीवर उपाय म्हणून २०१६ मध्ये लिनक्स ४.८ या आवृत्तीत ‘एक्स्प्रेस डेटा पाथ’ अर्थात एक्सडीपी हा मार्ग आला. यात एसके-बफ तयार होण्यापूर्वीच, ड्रायव्हरच्या आत, वापरकर्त्याने लिहिलेला एक ईबीपीएफ प्रोग्राम चालतो. पॅकेट टाकून द्यायचे, पुढे जाऊ द्यायचे, आलेल्या वाटेनेच परत धाडायचे की दुसरीकडे वळवायचे, हे तो प्रोग्राम ठरवतो. प्रोग्राम कर्नलात भरण्यापूर्वी ‘व्हेरिफायर’ नावाचा तपासनीस त्याची पडताळणी करतो. तो न संपणारा किंवा आपल्या हद्दीबाहेरील स्मृतीला हात घालणारा असेल तर त्याला प्रवेश मिळत नाही. एक्सडीपीच्या रचनाकारांनी २०१८ मध्ये मांडलेल्या निबंधानुसार या मार्गाने प्रोसेसरचा एकच गाभा सेकंदाला २ कोटी ४० लाख पॅकेटे हाताळू शकतो. सेवा बंद पाडण्यासाठी केलेले पॅकेटांचे मारे परतवणे आणि येणारा भार अनेक सर्व्हरांत वाटणे, हे याचे प्रमुख उपयोग होत.

मात्र वेगाची किंमत मोजावी लागली. एसके-बफ नाही, म्हणून त्यातले रकानेही नाहीत. प्रोग्रामाच्या हाती पॅकेटाचा आरंभ, त्याचा शेवट, ते कोणत्या कार्डावर व कोणत्या रांगेत आले, एवढेच उरले.

कार्डाकडे असलेली माहिती

पॅकेट स्मृतीत उतरवताना कार्ड त्यासोबत एक छोटी नोंद लिहिते. तिला डिस्क्रिप्टर म्हणतात. प्रत्येक उत्पादकाच्या, आणि बहुधा प्रत्येक पिढीच्या, कार्डांत या नोंदीची मांडणी निराळी असते. काही कार्डे वेळेचा शिक्का डिस्क्रिप्टरात न लिहिता पॅकेटाच्या बफरात, मजकुराच्या अगोदर लिहितात. काही कार्डे नॅनोसेकंदांऐवजी स्वतःच्या घड्याळाचे ठोके नोंदवतात. त्यांचे वेळेत रूपांतर ड्रायव्हरला करावे लागते.

या माहितीतील सर्वच गोष्टी सारख्या महत्त्वाच्या नाहीत. प्रवाहाचा हॅश हा पॅकेटाच्या पत्त्यांवरून काढलेला अंक असतो. त्याच्या आधारे कार्ड येणारी पॅकेटे प्रोसेसरच्या निरनिराळ्या गाभ्यांत वाटते. प्रोग्रामाला हा अंक मिळाला नाही तर तो स्वतः तसाच एखादा अंक काढू शकतो. केलेले काम पुन्हा करावे लागते, इतकेच.

वेळेच्या शिक्क्याची गोष्ट वेगळी आहे. पॅकेट तारेवरून उतरले तो क्षण केवळ कार्डालाच ठाऊक असतो. नंतर प्रोसेसरने घड्याळ पाहिले तर त्यात रांगेत थांबण्याचा अवधी मिसळलेला असतो, आणि हा अवधी दर वेळी सारखा नसतो. संगणकांची घड्याळे जाळ्यावरून जुळवणारा पीटीपी हा शिष्टाचार अशाच अचूक शिक्क्यांवर विसंबून आहे. हा शिक्का एकदा हरवला की पुन्हा मिळवता येत नाही.

तिसरी गोष्ट व्हीलॅनच्या खुणेची. एकाच तारेवर अनेक आभासी जाळी चालवताना प्रत्येक पॅकेटात ४ बाइटांची खूण घालतात. ती काढून घेऊन डिस्क्रिप्टरात नोंदवण्याचे काम बहुतेक कार्डे करू शकतात. अशा वेळी एक्सडीपी प्रोग्रामापुढे येणाऱ्या पॅकेटात खूण नसतेच. एका आभासी जाळ्यावरील पॅकेटे अडवण्यासाठी लिहिलेला प्रोग्राम निर्धास्तपणे सर्व पॅकेटे सोडून देतो, आणि त्यात कोणतीही त्रुटी नोंदली जात नाही. यावरचा जुना उपाय म्हणजे कार्डाची ही सुविधा बंद करून ठेवणे.

जुन्या बीपीएफमधील तोडगा

हा प्रश्न एक्सडीपीपुरता नवा नाही. स्टीव्हन मॅककॅन आणि व्हॅन जेकबसन यांनी लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत रचलेला व १९९३ मध्ये निबंधरूपाने मांडलेला मूळ बीपीएफ हा केवळ पॅकेटातील बाइट वाचणारा गाळणी-प्रोग्राम होता. लिनक्सने तो स्वीकारल्यावर मेटाडेटा कसा द्यावा, हा पेच उभा राहिला. त्यावरचा तोडगा मजेदार होता. प्रोग्रामाने पॅकेटाच्या आरंभापासून विशिष्ट ऋण अंतरावरचा शब्द मागितला की कर्नल तेथील स्मृती न वाचता कार्डाचा क्रमांक, हॅश किंवा व्हीलॅनची खूण हाती ठेवत असे. पत्ता खोटा, पण उत्तर खरे, असा हा संकेत होता. तो चालला, कारण मागे एसके-बफ उभा होता आणि माहिती तेथून काढता येत होती.

आरंभीचे प्रयत्न

लिनक्स ४.१५ या आवृत्तीत पॅकेटाच्या लगत आधी थोडी जागा राखण्याची मुभा एक्सडीपी प्रोग्रामांना मिळाली. आरंभी तिची मर्यादा ३२ बाइट होती. या जागेत प्रोग्राम स्वतःची टिपणे ठेवून पुढील टप्प्यांकडे पाठवू शकत असे. परंतु ही जागा प्रोग्रामाने भरायची होती. कार्डाची माहिती तिच्यात आपोआप येत नव्हती.

ड्रायव्हरनेच ही जागा भरावी, असा विचार पुढे अनेक वर्षे चालला. २०२२ मध्ये येस्पर डॅनगार्ड ब्राउअर यांनी मांडलेल्या प्रस्तावात ड्रायव्हर प्रत्येक पॅकेटापुढे एक ठरावीक रचना लिहील आणि तिच्या रकान्यांचे वर्णन बीटीएफ या कर्नलातील प्रकारवर्णनाच्या पद्धतीने दिले जाईल, अशी योजना होती. प्रोग्राम ते वर्णन पाहून आपल्याला हवा तो रकाना शोधून घेई. योजना विचारपूर्वक रचलेली होती, पण तिच्यात एक अंगभूत खर्च होता. प्रोग्रामाला केवळ हॅश हवा असला, किंवा काहीच नको असले, तरी ड्रायव्हरला सर्व रकाने लिहावे लागत. ज्या पॅकेटाला टाकूनच द्यायचे आहे त्याचीही साग्रसंगीत नोंद होई. पॅकेटांचा मारा परतवताना तर बहुतेक पॅकेटे याच वर्गात मोडतात.

केफंक पद्धत

स्वीकारली गेलेली पद्धत स्तानिस्लाव्ह फोमिचेव्ह यांनी मांडली. तिच्यात ड्रायव्हर आपण होऊन काहीही लिहीत नाही. प्रोग्राम ‘केफंक’ या नावाने ओळखले जाणारे कर्नलातील फंक्शन बोलावतो, आणि त्याच क्षणी ड्रायव्हर डिस्क्रिप्टर उघडून मागितलेली तेवढीच गोष्ट देतो. जो प्रोग्राम काही मागत नाही, त्याला खर्चही पडत नाही.

फंक्शनाचे नाव सर्व कार्डांसाठी एकच असते. त्यामागील काम मात्र प्रत्येक ड्रायव्हरचे वेगळे. ही सांगड प्रोग्राम चालताना घातली जात नाही. प्रोग्राम भरतानाच तो कोणत्या कार्डासाठी आहे हे सांगावे लागते, आणि व्हेरिफायर त्यातील सामान्य नावाच्या जागी त्या कार्डाच्या ड्रायव्हरचे फंक्शन बसवतो. त्यामुळे दर पॅकेटामागे ‘हे कार्ड कोणते’ असे विचारत बसावे लागत नाही. ड्रायव्हरकडे ती सोयच नसेल तर ‘आधार नाही’ असे उत्तर मिळते. सोय आहे, पण या पॅकेटापुरती माहिती नाही, असे असेल तर उत्तर निराळे असते. हा भेद सूक्ष्म वाटला तरी आवश्यक आहे, कारण अनेक कार्डे वेळेचा शिक्का फक्त पीटीपीच्याच पॅकेटांवर मारतात, आणि शिक्के मारण्याची आज्ञा कार्डाला आधी द्यावी लागते.

६.३ मध्ये वेळ आणि हॅश या दोनच गोष्टी होत्या. मेलानॉक्सच्या कार्डांच्या एमएलएक्स४ व एमएलएक्स५ या ड्रायव्हरांना आणि ‘व्हेथ’ या आभासी कार्डाला त्यांचा आधार होता. आवृत्ती प्रसिद्ध होण्याच्या थोडे आधी हॅशसोबत त्याचा प्रकारही देण्याचे ठरले. हॅश केवळ आयपी पत्त्यांवरून काढला आहे की पोर्ट क्रमांकही धरून, हे त्यावरून समजते. तुकड्यांत आलेल्या पॅकेटाच्या नंतरच्या तुकड्यांत पोर्ट क्रमांक नसतातच. अशा हॅशवर प्रवाह ओळखायला गेल्यास फसगत होते. व्हीलॅनची खूण मार्च २०२४ मधील ६.८ या आवृत्तीत आली.

एएफ-एक्सडीपीशी संबंध

एएफ-एक्सडीपी या सॉकेटाद्वारे पॅकेटे कर्नलाला वळसा घालून थेट वापरकर्त्याच्या प्रोग्रामाकडे जातात. त्या प्रोग्रामाला केफंक बोलावता येत नाही. म्हणून कर्नलातील एक्सडीपी प्रोग्राम माहिती मागून पॅकेटापूर्वीच्या राखीव जागेत लिहितो आणि पलीकडचा प्रोग्राम ती तेथून उचलतो. रचनेविषयी दोघांत आधी एकवाक्यता हवी. कर्नल त्यात पडत नाही. उलट दिशेची सोय ६.८ मध्ये झाली. पाठवायच्या पॅकेटापूर्वीच्या जागेत विनंती लिहिली की कार्ड चेकसम भरून देते किंवा पॅकेट प्रत्यक्ष निघाल्याची वेळ कळवते.

मर्यादा

एका कार्डाशी बांधलेला प्रोग्राम दुसऱ्या कार्डावर लावता येत नाही. भिन्न बनावटीची अनेक कार्डे असलेल्या संगणकावर एकाच प्रोग्रामाच्या वेगवेगळ्या प्रती भराव्या लागतात.

याहून मोठी अडचण वळवलेल्या पॅकेटांची आहे. पॅकेट त्याच वाटेने पुढे जाऊ दिले तर ड्रायव्हर डिस्क्रिप्टर पाहून एसके-बफचे रकाने नेहमीप्रमाणे भरतो. परंतु प्रोग्रामाने ते प्रोसेसरच्या दुसऱ्या गाभ्याकडे किंवा एखाद्या कंटेनरच्या आभासी कार्डाकडे वळवले, तर एसके-बफ तेथे पोहोचल्यावर तयार होतो आणि तोवर डिस्क्रिप्टर मागे राहिलेला असतो. प्रोग्रामाने हॅश वाचून राखीव जागेत ठेवला असला तरी त्या बाइटांचा अर्थ कर्नलाला ठाऊक नसतो. परिणामी हॅश पुन्हा काढावा लागतो, आणि कार्डाने काढून घेतलेली व्हीलॅनची खूण प्रोग्रामाने स्वतः पॅकेटात परत घातली नाही तर ती नाहीशी होते.