मौखिक परंपरा आणि बुद्धवचन
त्रिपिटक लेखबद्ध होण्यापूर्वी काही शतके भाणकांच्या मुखी होते. त्यावर विश्वास कितपत ठेवावा? युगोस्लाव्हियातील गायकांच्या ध्वनिमुद्रणांवरून (१९३३-३५) मिलमन पॅरी व अल्बर्ट लॉर्ड यांनी सिद्धान्त मांडला की, मौखिक कवी ठराविक शब्दबंधांतून काव्य दरवेळी नव्याने रचतो. एल. एस. कझिन्स यांनी १९८३ मध्ये तो निकायांना लावून पाहिला. परंतु मार्क अ‍ॅलन यांनी १९९७ मध्ये दाखविले की, सुत्तांतील पुनरुक्ती शब्दशः पाठांतरास साहाय्यक आहे. संगीतिसुत्तातही सारिपुत्त विवाद टाळून सर्वांनी मिळून संगायन करण्यास सांगतात. समूहपठणात शब्द बदलणे कठीण; मात्र पाठ स्थिरावण्यापूर्वी शिरलेली चूकही तितक्याच निष्ठेने टिकते. म्हणूनच बाबासाहेबांच्या १९५७ साली प्रकाशित झालेल्या धम्मग्रंथातील विवेकाची कसोटी आजही अपरिहार्य ठरते.