राजीनामा का दिला? : 'द प्रिझनर' पुन्हा पाहताना



करमणुकीच्या मालिकेकडे इतिहासाचं साधन म्हणून पाहता येतं का, हा आजचा विषय. त्यासाठी आम्ही साठच्या दशकातली एकच ब्रिटिश हेरमालिका निवडली आहे, 'द प्रिझनर'. ब्रिटनमध्ये २९ सप्टेंबर १९६७ ला ती आयटीव्हीवर सुरू झाली आणि फेब्रुवारी १९६८ मध्ये संपली. भाग अवघे १७. मुंबईत दूरदर्शन आलं तेच मुळी २ ऑक्टोबर १९७२ ला, त्यामुळे त्या काळी ती आपल्या घरांत दिसण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणून आधी गोष्ट सांगतो.

एक माणूस लोटस गाडी भरधाव चालवत लंडनमध्ये येतो. एका कार्यालयात शिरतो, साहेबाच्या टेबलावर राजीनाम्याचं पाकीट आपटतो आणि निघून जातो. तिकडे यंत्रावर त्याच्या फोटोवर फुल्या मारल्या जातात, फोटो एका खणात पडतो. हा घरी येऊन सामान भरतोय, तेवढ्यात दाराच्या किल्लीच्या भोकातून गॅस आत सोडला जातो. शुद्धीवर येतो तर खिडकीबाहेरचं लंडन गायब. समोर एक रंगीबेरंगी, टुमदार गाव.

त्या जागेचं नावच 'गाव', द व्हिलेज. इथे कोणाला नाव नाही. प्रत्येकाला नंबर. हा नंबर सिक्स. कारभार पाहणारा नंबर टू, आणि तो बहुतेक भागांत बदलतो. नंबर वन कोण, ते शेवटपर्यंत कळत नाही. दुकानात नकाशा मागितला तर फक्त गावाचाच मिळतो. फोन लावायला जावं तर पलीकडची बाई आधी तुमचा नंबर विचारते, आणि नंबर नसेल तर फोन लागत नाही. पळायचा प्रयत्न केला की एक मोठा पांढरा फुगा मागे लागतो. ऐकायला हास्यास्पद वाटतं, पण पडद्यावर बघाल तर पोटात गोळा येतो.

आणि या सगळ्या खटाटोपाचं कारण एकच प्रश्न. तू राजीनामा का दिलास?

आता ही मालिका आली कुठून ते पाहू. प्रमुख भूमिका पॅट्रिक मॅक्गूहन यांची. मालिकेची कल्पना, निर्मिती, काही भागांचं लेखन आणि दिग्दर्शन यांतही तेच. १९६० पासून 'डेंजर मॅन' या मालिकेत ते जॉन ड्रेक नावाच्या हेराचं काम करत होते. तिथे त्यांच्या अटी होत्या. ड्रेक पिस्तूल शक्यतो वापरणार नाही, आणि दर भागात नवी बाई कवेत घेणार नाही. १९६२ मध्ये 'डॉक्टर नो' आला आणि हेर म्हणजे बाँड हे समीकरण जगभर रुजलं. त्याच काळात हा नट उलट्या दिशेने चालला होता. 'डेंजर मॅन' ऐन भरात असताना त्यांनी ती सोडली आणि निर्माते ल्यू ग्रेड यांच्याकडून या विचित्र गावाच्या गोष्टीसाठी पैसे मिळवले. म्हणजे पडद्यावरच्या राजीनाम्याआधी एक खरा राजीनामा होऊन गेला होता.

गाव मात्र खरं आहे. वेल्समधलं पोर्टमेरियन. क्लॉ विल्यम्स-एलिस या वास्तुविशारदाने १९२५ पासून पुढे पन्नास वर्षं ते हौसेने उभारलं. इटलीच्या किनाऱ्यावरचं वाटावं असं. 'डेंजर मॅन'च्या सुरुवातीच्या एका भागात ते इटली म्हणून दाखवलंही होतं. 'द प्रिझनर'मध्ये त्याचं नाव शेवटच्या भागापर्यंत गुप्त ठेवलं गेलं. आणखी एक गंमत. मालिका रंगीत चित्रित झाली, कारण नजर अमेरिकेच्या बाजारावर होती. पण आयटीव्हीवर रंग आले नोव्हेंबर १९६९ मध्ये. त्यामुळे ब्रिटिश प्रेक्षकांनी हे रंगीबेरंगी गाव पहिल्यांदा पाहिलं ते कृष्णधवल.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. राजीनाम्याचं कारण ही एवढी मोठी गोष्ट का व्हावी? माणसाने नोकरी सोडली, घरी गेला, विषय संपला. पण त्या दशकातल्या ब्रिटनमध्ये तो संपत नव्हता. १९५१ मध्ये बर्जेस आणि मॅक्लीन हे परराष्ट्र खात्यातले दोन अधिकारी रशियाला पळाले. त्यांचा मित्र किम फिल्बी १९५५ मध्ये निर्दोष म्हणून जाहीर झाला आणि जानेवारी १९६३ मध्ये बैरूतहून तोही मॉस्कोला पोचला. जॉर्ज ब्लेकला १९६१ मध्ये ४२ वर्षांची शिक्षा झाली. २२ ऑक्टोबर १९६६ ला तो लंडनच्या तुरुंगाची भिंत ओलांडून पसार झाला. 'द प्रिझनर'चं चित्रीकरण त्याच्या आदल्याच महिन्यात सुरू झालं होतं. शत्रू आपल्याच कचेरीत, आपल्याच क्लबात बसलेला असू शकतो, या धक्क्यातून तो समाज जात होता. अशा वेळी जाणकार माणूस उठून चालता झाला, की प्रश्न पडणारच. हा गप्प का आहे? कोणाला विकला गेलाय का?

मालिकेचे पटकथा संपादक जॉर्ज मार्कस्टीन यांनी या कल्पनेचं मूळ दुसऱ्या महायुद्धात असल्याचं सांगितलं. स्कॉटलंडमधल्या इनव्हरलेअर इथे, ज्यांना फार माहिती आहे पण ज्यांना मोकळं सोडणं धोक्याचं आहे, अशा माणसांना ठेवलं जाई. त्यांनी गुन्हा केलेला नव्हता. त्यांच्या डोक्यात जे होतं, ते मात्र सरकारच्या मालकीचं होतं. राजीनामा ज्या साहेबाच्या टेबलावर आपटला जातो, तो साहेब म्हणून पडद्यावर हे मार्कस्टीनच बसलेले आहेत. पुढे मतभेद होऊन तेही मालिका सोडून गेले.

नंबराची गोष्टही हवेतून आलेली नाही. युद्ध सुरू होताच १९३९ मध्ये ब्रिटनमध्ये प्रत्येकाला क्रमांक असलेलं ओळखपत्र दिलं गेलं. युद्ध १९४५ ला संपलं, ओळखपत्र राहिलं. डिसेंबर १९५० मध्ये क्लॅरेन्स विलकॉक नावाच्या माणसाची गाडी पोलिसाने अडवली आणि ओळखपत्र मागितलं. विलकॉकने नकार दिला. खटला वरच्या कोर्टात गेला. कायद्याने तो दोषी ठरला, पण मुख्य न्यायमूर्ती लॉर्ड गॉडर्ड यांनी युद्धासाठी केलेला कायदा शांततेत असा वापरण्यावर कडक शब्दांत टीका केली. १९५२ मध्ये ओळखपत्रं रद्द झाली. नंबर सिक्सचा हट्ट १९६७ च्या सामान्य प्रेक्षकाला ओळखीचा का वाटला असेल, हे आता लक्षात येईल.

आता तीन भागांची उदाहरणं देतो. 'द चाइम्स ऑफ बिग बेन' या भागात नंबर सिक्स पळून थेट लंडनच्या जुन्या कार्यालयात पोचतो. साहेब ओळखीचे. तो कारण सांगायला तोंड उघडतो, तेवढ्यात बिग बेनचे ठोके पडतात. प्रवास पोलंडमार्गे झालेला, घड्याळ तिथल्या वेळेचं. लंडन एक तास मागे असायला हवं, पण ठोके घड्याळाशी तंतोतंत जुळतात. तो गप्प होतो. दार उघडून बाहेर येतो तर गावच. ते कार्यालय गावातच रचलेलं होतं, आणि जुने साहेब त्या कटात सामील होते. गाव आपलं की शत्रूचं, हा प्रश्न तिथे निकालात निघतो.

'फ्री फॉर ऑल'मध्ये निवडणूक आहे. मिरवणुका, घोषणा, पत्रकार. नंबर सिक्स जिंकतो आणि ध्वनिक्षेपकावरून सांगतो, तुम्ही मोकळे आहात, जा. कोणीही जागचं हलत नाही.

तिसरा भाग 'द जनरल'. इतिहासाच्या व्याख्यानाला येणाऱ्यांनी तो जरूर पाहावा. तीन वर्षांचा अभ्यासक्रम टीव्हीवरून तीन मिनिटांत डोक्यात उतरतो. विषय नेपोलियननंतरचा युरोप. मग रस्त्यात कोणालाही विचारा, सन आणि तह घडाघडा, शब्दही तेच. शेवटी नंबर सिक्स त्या यंत्राला एकच प्रश्न टाइप करून देतो, 'का?', आणि यंत्र फुटतं.

गंमत पाहा. यंत्र ज्या प्रश्नाने मोडतं, तोच 'का' मालिकाभर या माणसाला विचारला जातो, आणि तो मोडत नाही.

आमच्या मते ही मालिका सुटकेची नाहीच. ती गप्प राहण्याच्या हक्काची आहे. गावात मारझोड क्वचित होते. तिथे बँड वाजतो, जेवण उत्तम, सगळे हसून नमस्कार करतात. सगळं मिळतं, आणि बदल्यात फक्त मनातलं एक कारण द्यायचं. ते दिलं तर काय बिघडतं, असं प्रेक्षकालाही मधूनमधून वाटू लागतं. तिथेच मालिका आपल्याला पकडते, कारण तो प्रश्न विचारणारे आता आपण झालेले असतो.

शेवटचा भाग 'फॉल आउट'. नंबर सिक्सला सिंहासन दिलं जातं. तो 'मी' म्हणून बोलू लागतो, तर सभाच 'मी, मी' असं ओरडून त्याचा आवाज बुडवते. मग नंबर वनचा मुखवटा निघतो. आत माकडाचा मुखवटा, आणि त्याच्या आत स्वतः नायकाचाच हसणारा चेहरा. लोकांना खलनायक हवा होता. प्रेक्षक भयंकर चिडले. नंतर तो लंडनच्या घरी येतो, आणि दार आपोआप उघडतं, अगदी गावातल्या घरासारखं. शेवटचं दृश्य पुन्हा तेच, सुरुवातीचा रस्ता आणि ती गाडी.

राजीनाम्याचं कारण मालिका सांगत नाही. त्यावर तर्क लढवणारे पुष्कळ आहेत. आम्ही त्यात पडत नाही. सतरा भाग एका माणसाने जे राखलं, ते आपण उकरून काढायला बसलो, तर आपणही नंबर टूच्याच खुर्चीत बसलो असं होईल.

पुढच्या वेळी कोणी तुम्हाला हसतमुखाने म्हणालं, लपवण्यासारखं काही नसेल तर सांगायला काय हरकत आहे, तेव्हा या माणसाची आठवण ठेवा. काही लपवायचं नसतानाही न सांगण्याचा हक्क असतो. तो पोर्टमेरियनच्या त्या देखण्या चौकात कोणालाच नव्हता.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.