वेठबिगार-उच्चाटन (शेतीतील)

वेठबिगार-उच्चाटन : कर्जाच्या किंवा आगाऊ दिलेल्या रकमेच्या फेडीपोटी शेतमजुराला एकाच धन्याकडे नाममात्र मजुरीवर राबविणाऱ्या, किंवा मध्यस्थाकरवी परमुलखात नेऊन तेथे अडकवून ठेवणाऱ्या पद्धतीचे कायद्याने व संघटनेने केलेले निर्मूलन.

तत्कालीन ठाणे जिल्ह्याच्या डहाणू-उंबरगाव भागात लग्नखर्चासाठी जमीनदाराकडून थोडीशी रक्कम घेणारा वारली तरुण ‘लग्नगडी’ होई. व्याज आणि हिशेब ही दोन्ही सावकाराच्याच हाती असल्यामुळे मुद्दल कधी फिटत नसे, आणि नवऱ्याबरोबर बायकोलाही धन्याच्या शेतावर व घरी राबावे लागे. १९४५ साली शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेने वारल्यांना संघटित करून या प्रथेवर पहिला मोठा आघात केला. गोदावरीबाईंच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथात त्या लढ्याची हकीकत आली आहे.

भारतीय संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने माणसांचा अपव्यापार व वेठबिगार निषिद्ध ठरविली, तरी तिच्या उच्चाटनाचा देशव्यापी कायदा होण्यास पाव शतक लागले. २५ ऑक्टोबर १९७५ पासून अंमल धरून १९७६ साली संसदेने केलेल्या या अधिनियमाने सर्व वेठबिगार मुक्त झाले, त्यांच्यावरील बंधक कर्जे रद्द झाली, राहत्या घरातून त्यांना हुसकावण्यास मनाई झाली, आणि वेठबिगारी लादणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व २,००० रुपयांपर्यंत दंड ठरला. कर्ज बंधक स्वरूपाचे नाही, हे सिद्ध करण्याचा भार सावकारावर टाकण्यात आला. अंमलबजावणीची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्याकडे आली आणि तिच्या साहाय्यार्थ जिल्हा व उपविभाग पातळीवर दक्षता समित्यांची तरतूद झाली. बंधुआ मुक्ती मोर्चा खटल्यात (१९८३) सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले, की मजुराकडून सक्तीने काम घेतले जात असल्याचे दिसून आल्यास त्यामागे कर्ज किंवा उचल असल्याचे गृहीत धरावे. ठाणे जिल्ह्यात विवेक पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेने याच कायद्याच्या आधारे आदिवासी मजुरांच्या मुक्तीची चळवळ चालविली.

मराठवाड्यातून ऊसतोडीस जाणाऱ्या मजुरांत हा प्रश्न निराळ्या रूपाने दिसतो. हंगामापूर्वी मुकादम, म्हणजे मजूर पुरविणारा मध्यस्थ, नवरा-बायकोच्या जोडीला, म्हणजे एका ‘कोयत्या’ला, उचल देतो, ती तोडणीच्या मजुरीतून वळती होते आणि उरलेली बाकी पुढील हंगामावर चढते. प्रत्येक उचल वेठबिगार ठरत नाही. मात्र तिच्यापायी काम सोडून जाण्याची, हिंडण्याफिरण्याची किंवा बाजारभावाने श्रम विकण्याची मुभा मजूर गमावून बसला, तर कायद्याच्या व्याख्येत तो वेठबिगारच होय.

मुक्तीनंतरच्या पुनर्वसनासाठी १९७८ साली केंद्रपुरस्कृत योजना सुरू झाली. २०१६ साली तिच्यात सुधारणा होऊन प्रौढ पुरुषास एक लाख रुपयांचे साहाय्य ठरले. तथापि तत्काळ मिळणारा अल्प अंश वगळता ते आरोपीवरील गुन्हा शाबीत होण्याशी निगडित राहिले. खटला रेंगाळला म्हणजे मुक्त मजुरापुढे पुन्हा सावकाराचेच दार उरते. म्हणून मुक्तीचा दाखला आणि उपजीविकेचे साधन ही दोन्ही एकाच वेळी त्याच्या हाती पडल्याखेरीज हे उच्चाटन पूर्ण झाले, असे म्हणता येत नाही.